‘मी फक्त पुढे पाठवलं’ म्हणून सुटका होत नाही

खेळाडूंबद्दलच्या अफवा आणि कायदा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न: ‘अमुक गोलंदाजाने पैसे घेऊन नो-बॉल टाकले’ असा मेसेज आला, तो मी तीन ग्रुपवर टाकला. वर ‘फॉरवर्डेड’ असं दिसतंच. लिहिणारा मी नाही, मग मला काय होणार?

भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीकारक मजकूर रचणाऱ्याला जसं लागू होतं, तसंच प्रसिद्ध करणाऱ्यालाही. ग्रुपवर टाकणं म्हणजे प्रसिद्ध करणंच. तमिळ अभिनेते एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांबद्दलची एक आक्षेपार्ह फेसबुक पोस्ट पुढे पाठवली होती. डोळ्यांत औषध घातलं होतं, न वाचताच पाठवली, असं त्यांच्या वतीने सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना दिलासा नाकारला.

‘ग्रुपात चाळीसच माणसं आहेत’ हाही बचाव फारसा टिकत नाही. तेव्हाचे आयपीएल प्रमुख ललित मोदींनी जानेवारी २०१० मध्ये न्यूझीलंडचा क्रिकेटपटू ख्रिस केर्न्सवर मॅच-फिक्सिंगचा आरोप करणारं एक ट्वीट केलं. ते थेट वाचलेल्यांचा आकडा लंडनच्या न्यायालयात जेमतेम ६५ धरला गेला. आरोप सिद्ध करता आला नाही आणि २०१२ मध्ये ९० हजार पौंडांची भरपाई बसली. आपल्याकडे फौजदारी बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. साध्या फॉरवर्डसाठी तुम्ही लगेच तुरुंगात जाल असं मी म्हणत नाही. पण तारखांना हेलपाटे घालणं ही आपल्याकडे वेगळीच शिक्षा असते.

प्रश्न: मग झेल सोडला तरी गप्प बसायचं?

अजिबात नाही. ‘हा संघात नको’, ‘याचं फुटवर्क गेलंय’, ‘एवढा सोपा झेल माझ्या आजीनेही घेतला असता’ हे सगळं मत झालं. लोकांसमोर सादर केलेल्या कामगिरीवर प्रामाणिकपणे मत देणं हा बदनामीच्या कलमातला अपवादच आहे, आणि मैदानावरचा खेळ त्यात बसतो.

गडबड होते ती एका शब्दाने: ‘मुद्दाम’. ‘झेल सोडला’ हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘मुद्दाम सोडला’ म्हटलं की तुम्ही त्याच्या मनातलं आणि खिशातलं सांगू लागता, आणि ते कोर्टात दाखवायची वेळ आली तर हातात काही नसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला. लगोलग कुणीतरी त्याच्या विकिपीडिया पानावर त्याचा संबंध खलिस्तानशी जोडला. प्रकरण केंद्र सरकारने विकिपीडियाकडे खुलासा मागण्यापर्यंत गेलं. त्या मजकुरात खेळावरची टीका कुठे होती?

एक बारकावा. दिवाणी दाव्यात गोष्ट खरी ठरली की बचाव पुरा होतो. फौजदारीत मात्र खरी असून भागत नाही, ती सांगण्यात लोकहितही दाखवावं लागतं.

प्रश्न: एका माजी खेळाडूच्या निधनाची पोस्ट मी टाकली. खोटी निघाली, दहा मिनिटांत काढली. गुन्हा झाला का?

बहुधा नाही. खोटं बोलणं हा आपोआप गुन्हा होत नाही. कायदा विचारतो, त्यातून कुणाचं काय बिघडलं? माणूस वारला म्हटल्याने त्याची अब्रू जात नाही, म्हणून ही सहसा बदनामी ठरत नाही. लोकांत घबराट किंवा तेढ पसरवणाऱ्या अफवांसाठी न्याय संहितेचं कलम ३५३ आहे, पण तिथवर अशी पोस्ट क्वचितच पोचते. ‘आयटी ॲक्टचं ६६-ए लागेल’ असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये झिम्बाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक गेल्याची बातमी त्याचा जुना सहकारी हेन्री ओलोंगानेच दिली होती. काही तासांत त्याने स्ट्रीकशी झालेला व्हॉट्सॲप संवाद टाकून ‘तिसऱ्या पंचाने त्याला परत बोलावलंय’ असं लिहिलं. स्ट्रीक खरंच आजारी होता. ३ सप्टेंबरला तो गेला. त्या दहा-बारा दिवसांत आपल्याच श्रद्धांजल्या वाचताना त्याला आणि घरच्यांना काय वाटलं असेल, ते कुठल्या कलमात बसत नाही. तुम्ही पोस्ट नुसती काढू नका, चूक झाली असंही लिहा.

प्रश्न: मी ग्रुप ॲडमिन आहे. दुसऱ्याच्या पोस्टसाठी मला धरतील?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय: आधी ठरवून, संगनमताने केलेलं नसेल तर ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार नाही. अशा पोस्टखाली पसंतीचा अंगठा मात्र देऊ नका.

प्रश्न: मी कबड्डी शिकवतो. आमच्या एका मुलीने खोटा जन्मदाखला दिला, अशी पोस्ट फिरतेय. दाखला खरा आहे. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेऊन परत पाठवलं.

पोलीस चुकले नाहीत. बदनामी अदखलपात्र आहे, त्यामुळे थेट एफआयआर होत नाही. तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे करायची असते. मुलगी अज्ञान (अठरा वर्षांखालची) असेल तर तिच्या वतीने पालक ती करू शकतात.

त्याआधी पुरावा गोळा करा. आलेला मेसेज कापून घेतलेला अर्धा फोटो उपयोगाचा नाही. पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट हवा, आणि ज्या फोनवर घेतला तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते नसल्याने चांगली प्रकरणं लटकतात. मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि वकिलाकडून नोटीस पाठवा. पुष्कळदा नोटिशीनेच पोस्ट उतरते आणि माफीही येते. भरपाईचा दिवाणी दावा करायचा तर मुदत एकच वर्षाची आहे, पोस्ट प्रसिद्ध झाल्यापासून.

दाखल्याची प्रत मात्र रागाच्या भरात ग्रुपवर टाकू नका. त्यावर मुलीची जन्मतारीख, आईवडिलांची नावं, पत्ता सगळं असतं. ती कबड्डी संघटनेच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.