नव्या धार्मिक चळवळींवर संशोधन करायला परदेशी निघण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की समाजशास्त्रात एम.ए. झाले आहे, नव्या धार्मिक चळवळींवर, म्हणजे अलीकडच्या काळात निघालेल्या धार्मिक पंथांवर, परदेशात पीएच.डी. करायची आहे, आणि देश कोणता निवडावा व पुढे या विषयावर पोट भरेल का, हे दोन प्रश्न सुटत नाहीत. याच अभ्यासासाठी देश सोडून मी इंग्लंडमध्ये आलो. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

‘नव्या धार्मिक चळवळींचे प्राध्यापक’ अशी जागा जवळजवळ कधीच निघत नाही. जागा निघतात त्या समाजशास्त्राच्या, धर्माभ्यासाच्या, मानवशास्त्राच्या. आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हा उमेदवार संशोधनपद्धती शिकवू शकेल का, हे निवड समिती आधी पाहते. म्हणून अभ्यासासाठी एखादीच चळवळ घेतली तरी प्रबंधाचा प्रश्न तिच्यापुरता नसावा. संस्थापक वारल्यावर संघटना कशी टिकते, चळवळीत जन्मलेली दुसरी पिढी काय करते, असे प्रश्न कोणत्याही विभागाला आपले वाटतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एलीन बार्कर यांचे युनिफिकेशन चर्च या कोरियात निघालेल्या पंथावरील संशोधन टिकले ते याच कारणाने. त्या पंथात तरुणांची मती बळजबरीने फिरवली जाते असा गवगवा होता. बार्कर यांनी केवळ आत गेलेल्यांच्या मुलाखती घेतल्या नाहीत, तर पंथाच्या शिबिरांना आलेल्या हजारभर लोकांचे पुढे काय झाले ते पाहिले. त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पंथात गेलेच नव्हते. म्हणजे मती फिरवण्याची अशी अटळ शक्ती पंथाकडे नव्हती, आणि हा मुद्दा एका पंथापुरता राहिला नाही.

विद्यापीठाबाहेरही थोडे काम मिळते. बार्कर यांनीच १९८८ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही संस्था सुरू केली. मुलगा किंवा मुलगी एखाद्या पंथात गेल्याने घाबरलेले पालक, पत्रकार आणि सरकारी खाती यांना ती अभ्यासावर आधारलेली माहिती देते. अशा संस्था मोजक्या आणि त्यांतल्या पगारी जागा त्याहून मोजक्या, तेव्हा त्यांच्या भरवशावर निघू नये.

आता देशाविषयी. अमेरिकेत पीएच.डी.ला साधारण पाच ते सात वर्षे लागतात, आधी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि बरोबरीने शिकवण्याचा अनुभव मिळतो. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत काम आटोपते, पण पहिल्या दिवसापासून संशोधनाचा आराखडा हातात असावा लागतो. फ्रान्सचे वातावरण निराळे आहे. तिथे १९९५ च्या संसदीय अहवालाने १७० हून अधिक गटांना ‘सेक्त’ (पंथ) ठरवून त्यांची यादीच दिली होती, त्यामुळे तटस्थपणे लिहिणाऱ्या अभ्यासकावरही पंथांचा वकील असल्याचा संशय घेतला जातो. शब्दांचेही तसेच आहे. मराठीत ‘संप्रदाय’ म्हणताना कोणाला कमीपणा वाटत नाही. इंग्रजीतला ‘कल्ट’ मात्र जवळजवळ शिवीच ठरतो आणि फ्रेंचमधला ‘सेक्त’ही तसाच. आराखड्यात कोणता शब्द वापरता यावरून आपली भूमिका वाचली जाईल.

ज्या गोष्टीने या क्षेत्रातल्या माणसांचे सर्वाधिक नुकसान झाले आहे, ती म्हणजे पाहुणचार. चळवळी अभ्यासकाचे मनापासून स्वागत करतात, परिषदा भरवतात, प्रवासखर्च देतात. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर काही अमेरिकी अभ्यासक, ज्याच्यावर संशय होता त्या ओम् शिनरिक्यो या जपानी पंथाच्या खर्चाने जपानला गेले आणि या पंथाला असा वायू बनवता येणार नाही, अशी शंका त्यांनी जाहीरपणे घेतली. पुरावे उलटे निघाले. पंथाविषयी पूर्वी बरे बोललेल्या एका जपानी प्राध्यापकाला विद्यापीठ सोडावे लागले, आणि तिथल्या धर्म-अभ्यासकांची पत पुढे कित्येक वर्षे घसरलेलीच राहिली. चहापाणी घ्यावे, तिकीट घेऊ नये, हा माझा नियम आहे. काही सहकाऱ्यांना तो फार कडक वाटतो.

दुसरी अडचण माझ्या अनुभवातली आहे. संशोधनात माणसांना इजा होणार नाही ना, हे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या नीतिसमितीने माझा परवानगीचा अर्ज दोनदा परत पाठवला, कारण चळवळ सोडलेल्यांची नावे आणि मुलाखती कुठे व कशा सुरक्षित ठेवणार, हे मी नीट लिहिलेच नव्हते. त्या वेळी राग आला आणि चार महिने गेले, तरी समितीचे म्हणणे योग्य होते, कारण अशा माणसांचे आई-वडील किंवा जोडीदार अनेकदा अजून आतच असतात.

आपल्याला भारतीय भाषा येतात, म्हणून इस्कॉन, ब्रह्माकुमारी किंवा ओशोंच्या अनुयायांवरच काम करा असे सुचवले जाईल. भाषेचा फायदा खरा आहे आणि तो जरूर घ्यावा. मात्र युरोपात किंवा अमेरिकेत उगम पावलेली एखादी चळवळ तुलनेला ठेवावी, नाहीतर ‘भारताचे जाणकार’ हा शिक्का बसतो आणि सर्वसाधारण समाजशास्त्राच्या जागेसाठी आपला विचारच होत नाही.

ब्रिटनमध्ये पीएच.डी.नंतर काम शोधण्यासाठी तीन वर्षांचा पदवीधर व्हिसा मिळतो. ही मुदत मोठी वाटते, पण शिकवण्याच्या दोन-तीन तात्पुरत्या नोकऱ्यांत ती संपते. म्हणून ‘नोव्हा रिलिजिओ’सारख्या या विषयाच्या नियतकालिकात एक आणि समाजशास्त्राच्या सर्वसाधारण नियतकालिकात एक, असे दोन लेख प्रबंध चालू असतानाच पाठवावेत. आराखडा दोन पानांचा झाला की मार्गदर्शकांना पाठवण्यापूर्वी मला जरूर दाखवा, आणि चळवळ सोडून गेलेल्या माणसांपर्यंत आपण कसे पोहोचणार, हे त्यात आधीच लिहिलेले असू द्या.