भांडेवालीनं परत दिलेले टॉप

प्रश्न : माझी लेक कॉलेजला आहे. मोबाईलवर सेल लागला की २९९ चा टॉप, ३९९ ची कुर्ती, आठवड्याला एक पार्सल ठरलेलं. दोन धुण्यात गोळे येतात, शिवण उसवते. कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात आणि तरी "आई, घालायला काहीच नाही"! परवा जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली, तिनं जीन्स आणि माझ्या साड्या घेतल्या, टॉप तसेच परत दिले. कचऱ्यात टाकवत नाहीत. काय करू?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, भांडेवालीनं तुमचं निम्मं काम केलंय की! ती कशी बघते बघितलंत का कधी? कापड उजेडात धरते, काखेतली शिवण ओढून बघते, मग बुडाला आणि गुडघ्याला विरलंय का ते. पुढं बाजारात विकलं जाईल तेच घेते, बाकी तिला एका वाटीच्या मोलाचंही नाही. लेकीला म्हणावं घेताना असंच बघायचं, फोटोत काख दिसत नाही.

आता घरात आहेत त्यांचं. वाकळ शिवायच्या भानगडीत पडू नका, मी पडले होते. आमची आजी लुगडं मधे विरलं की तेवढं फाडून काढायची आणि धड बाजू जोडून दंड घालायची, तेही विरलं की झबली, मग वाकळ, शेवटी पायपुसणं. ते सगळं सुती होतं म्हणून जमायचं. मी पॉलिएस्टरच्या टॉपांची वाकळ केली तर थर एकमेकांवरनं घसरायला लागले, उन्हाळ्यात अंगाला चिकटते, थंडीत ऊब नाही, आता स्कूटीवर झाकायला वापरतो.

कापड ओळखायचं असेल तर कडेचा कापडाचाच धागा काढा (शिलाईचा दोरा नको), चिमट्यात धरून सिंकवर काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, वितळून टणक मणी झाला की पॉलिएस्टर. म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक. धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर नदीकडं जातात, आपल्याकडं ती नदी कुठली ते सांगायला नको. म्हणून उलटं करून, गार पाण्यात, मशीन भरल्यावरच धुवा, गोळेही कमी येतात. सुती घेतलं म्हणजे सगळं माफ असंही नाही हं, एका टीशर्टमागं सुमारे २७०० लिटर पाणी जातं असा अंदाज आहे.

दान करू म्हणाल तर धड, धुतलेलं तेवढंच द्या. २०१९ च्या पुरानंतर आम्ही मदतीचे गठ्ठे सोडायला बसलो होतो, एकात तुटक्या चेनच्या पॅंटी, एकात घामट लग्नाचे ब्लाउज. बायकांना हवे होते कोरडे गाऊन आणि नवे आतले कपडे. नको असलेलं त्या गठ्ठ्यांत सारल्यानं आपलं कपाट मोकळं झालं, बाकी कचरा उचलायला पूरग्रस्तच! जुन्या कपड्यांपासून पानिपतला सूत आणि ब्लॅंकेटं होतात हे खरं, पण कॉटन-पॉलिएस्टर एकत्र विणलेलं वेगळं करणं अवघड जातं.

उसवलेल्या चार टॉपांना टेलरकडनं डबल टीप मारून घ्या, नाहीतर लेकीच्याच हातात सुई द्या. गोळे रेझरनं हलक्या हातानं निघतात. मावसबहिणींत अदलाबदल होऊ दे. अगदीच गेलेले सुक्या कचऱ्यात, ओल्यात नको.

स्वस्त का मिळतं विचारलं तर राणा प्लाझाचं सांगा. ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ ला ही इमारत कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारी. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामावर बोलावलं.

रागवू मात्र नका, रागावलं की पार्सल मैत्रिणीच्या पत्त्यावर जातं. भांडेवाली पुन्हा आली की लेकीलाच बोचकं घेऊन दारात पाठवा आणि तुम्ही आत चहा ठेवा.