दंडात जोर आला, तरी कप का उचलता येत नाही?

तुम्ही विचारलंय की आईंना चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजव्या दंडात आता जोर आलाय, चेंडूही दाबतात, तरी समोरचा चहाचा कप उचलता येत नाही. मग व्यायाम वाढवायचा का? मी बरीच वर्षं पक्षाघाताच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. माझं म्हणणं, वाढवण्याआधी व्यायाम बदला.

कप उचलणं एकट्या हाताचं काम नाही. हात पुढे जायच्या आधीच पाठीचे आणि पायांचे स्नायू तोल सावरायला आवळतात. हात वाटेत असतानाच कपाच्या आकाराच्या मानाने बोटं उघडू लागतात. साधारण दोन तृतीयांश वेळ गेला की ती सर्वांत जास्त उघडलेली असतात, मग मिटू लागतात. हे सगळं मेंदूला आगाऊ ठरवावं लागतं, कारण डोळ्यांनी पाहून चूक दुरुस्त करायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागतो. अंदाज कुठे चुकला ते लहान मेंदू टिपतो आणि पुढचा प्रयत्न सुधारतो. आईंची अडचण ताकदीपेक्षा या जुळणीत जास्त दिसते. त्यात पक्षाघातानंतर बहुधा मूठ मिटणं आधी परततं, बोटं उघडणं मागे राहतं. चेंडू दाबून मिटण्याचाच सराव होतो. मालिशने बरं वाटत असेल तर खुशाल करा, पण त्याने हालचाल शिकली जात नाही.

1920च्या दशकात मॉस्कोत हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाईन यांनी कसलेल्या कामगारांच्या हातोडीच्या घावांचं चित्रण केलं. घाव जागेवरच बसत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी जरा वेगळ्या वाटेने जात होते. म्हणजे शरीर एकच हालचाल घोकत नाही, तेच काम दर वेळी नव्याने सोडवतं. म्हणून आईंना कामच द्या. आधी रिकामं फुलपात्र, मग वाटी, मग गार पाणी अर्धं भरलेला कप (गरम चहा अजिबात नको). वस्तू कधी जवळ, कधी लांब, कधी उंचावर ठेवा. उचलण्याइतकंच सोडण्यावर लक्ष द्या. कंबरेतून पुढे वाकून कप गाठत असतील तर पाठ खुर्चीला टेकवायला सांगा आणि कप जवळ आणा. हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो.

आणि संख्या! उत्तर अमेरिकेतल्या उपचारसत्रांच्या 2009 मधल्या एका पाहणीत हाताच्या प्रत्यक्ष कामाची आवर्तनं सत्रामागे सरासरी 32 भरली. प्राण्यांच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे ती काही शे होती. ही तफावत घरीच भरून काढावी लागते, दिवसभरात थोडं थोडं करून.

अधू हात वापरलाच नाही की न वापरण्याचीच सवय लागते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्यावरून चांगला हात वापरता येऊ नये म्हणून त्याला जाड मोजा घालून अधू हाताकडून काम करून घेण्याची पद्धत आली. 2006 मध्ये 222 रुग्णांवरच्या चाचणीत, पक्षाघातानंतर 3 ते 9 महिन्यांत दोन आठवडे हे केल्याचा फायदा वर्षानंतरही टिकलेला दिसला. पण मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलता येत असतील तरच हे जमतं, आणि तेही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. चांगला हात अडकलेला असताना तोल गेला तर सावरता येत नाही.

आईंना डोळे मिटून, हातात ठेवलेली वस्तू चमचा आहे की किल्ली हे ओळखता येतं का, तेवढं पाहून कळवा. स्पर्श कमी असेल तर सरावाची सुरुवात वेगळी करावी लागेल.