फवारा मारताना विष चढलं तर घरच्या घरी काय करावं?

घरी दोनच कामं: अंगावरचे सगळे कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा. केसही. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, कारण हे विष कातडीतूनही शिरतं. बाकी सगळं दवाखान्यात.

२०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर मारायचा अन् अंगावरच पडायचा. आमचा सालदार त्याच हंगामातला, पण वाचला. वावरातून आला तो बैलबंडीला टेकून बसला. आम्हाला वाटलं ऊन लागलं. पंप गळत होता, शर्ट पाठीला चिकटलेला. मग लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या राईएवढ्या. आजीनं लिंबूपाणी आणलं. तसलं काही पाजू नका, मीठपाणी देऊन ओकायलाही लावू नका. ओकारी श्वासनळीत गेली तर जीवावर बेतेल. कुशीवर झोपवा, १०८ लावा.

सोबत फवारणीच्या औषधाच्या बाटल्या न्या. हल्ली एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळतात, म्हणून सगळ्याच न्या. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस असं ऑर्गनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक असेल तर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात, बरेचदा जोडीला प्रालिडॉक्झिम. डायफेनथियुरॉन या कीटकनाशकाला उतारा नाही. तिथं ऑक्सिजन, सलाईन अन् लक्ष ठेवणं एवढंच.

ॲट्रोपिन छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. त्या रात्री सालदार हवेत हात नेऊन काहीतरी वेचत होता, कापूस वेचल्यासारखा. त्याची बायको रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, ॲट्रोपिन जास्त झालं की असं बरळतात, अन् त्यांनी डोस कमी केला. असं दिसलं तर घाबरून पेशंट उचलून आणू नका, नर्सला सांगा.

दुसऱ्या दिवशी तो वरण-भात जेवला अन् घरी चला म्हणून मागे लागला. इथंच लोक चुकतात. ऑर्गनोफॉस्फरसमध्ये एक ते चार दिवसांनी मान अन् दंड लुळे पडू शकतात, मग श्वासच थकतो, व्हेंटिलेटर लागतो. म्हणून डॉक्टर रोज त्याला उशीवरून डोकं उचलायला लावत. तो उचलायचा, वर शिव्याही द्यायचा. पाचव्या दिवशी सोडलं.