स्टिअरिंग बॉक्स बदलण्याआधी गाडीखाली जाऊन बघा

दादा, 'बॉक्स गेलाय', म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरची पेटी बिघडलीय, असं गॅरेजवाला म्हणाला म्हणून लगेच पैसे मोजू नका. 14 वर्षांची पिकअप, भायखळा-वाशी रोजची खेप, 50 च्या पुढे गाडी भरकटते आणि स्टिअरिंग चार बोटं नुसतंच फिरतं, असं तुम्ही लिहिलंय. एवढा प्ले (चाकं न वळता स्टिअरिंगचं नुसतं फिरणं) एकट्या बॉक्सचा सहसा नसतो, थोडा थोडा सगळीकडून जमतो.

गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड. जॅक लावायचा नाही, चाकांवर वजन हवं. पोराला आत बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा. तुम्ही खाली जाऊन एकेका जोडावर बोटं ठेवा, अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. कॉलमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) क्रॉस जोडापासून सुरू करा, मग ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी सळई), दोन्ही टाय रॉड एंड (दोन चाकं जोडणाऱ्या सळईची टोकं). एक भाग हलला आणि दुसरा मागाहून आला की तो जोड गेला. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही बघा. आपल्या पावसाळी खड्ड्यांनी ते सैल होतात, आणि मग अख्खा बॉक्सच हलतो.

यानंतर चाक उचला, खाली स्टँड द्या आणि वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो जोड).

टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा, नवा तेवढेच आटे फिरवून बसवा. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालतात त्या पिनचं) भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधीच नाही. चाकांचं अलाइनमेंट (दिशा जुळवणं) मात्र करावंच लागतं. सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळेल, पण जुना एंड सोबत न्या.

बॉक्सवरचा, प्ले कमी करायचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही चाकं सरळ ठेवून, पाव फेरा. माझ्या गाडीत एका मेकॅनिकने तो आधीच कचकचून आवळला होता. वाशीच्या खाडीपुलावर वळण संपलं तरी स्टिअरिंग सरळ यायला तयार नाही! हाताने ओढून आणावं लागलं.

आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) जवळ असेल तर, केंद्रीय मोटार वाहन नियम 98 प्रमाणे स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही. 40 सेंमीच्या स्टिअरिंगवर हे साधारण 10 सेंमी होतात. तुमची चार बोटं त्याच्या जवळ पोचलीयत. दुरुस्ती होईतोवर माल भरून हायवेला जाऊ नका.