नऊ पॉइंटातलं नाव

*मावशी, मी 32 वर्षांचा. वारज्याला आईबाबांबरोबर राहतो. दिवसा बाणेरला एका कंपनीत ग्राफिक डिझायनर आहे, पगार 58 हजार. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी पेटीची साथ करतो. आठव्या वर्षापासून शिकतोय, विशारद झालो. गुरुजी म्हणतात, एकच काहीतरी धर. बाबा म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवलास. स्थळं ‘मुलगा नक्की करतो काय?’ इथेच अडतात. ज्यांच्याकडे साथीला जातो त्यांच्या पत्रिका, पोस्टरं मीच करून देतो. पैसे मागायला जीभ रेटत नाही; मागितले तर साथीला बोलावणार नाहीत अशी भीती वाटते. एका वार्षिक कार्यक्रमाचं बोधचिन्ह असंच फुकट करून दिलं होतं, यंदा ते मगांवर छापून विकत होते. शिल्लक 2 लाख 40 हजार आहे. जूनमध्ये राजीनामा देऊन पूर्णवेळ पेटीच वाजवू का?*
*ता. क. : तीन महिने झाले, उजवं मनगट रात्री ठणकतं. पण ते काही विशेष नाही.*
*— दोन्हीकडचा*

प्रिय दोन्हीकडच्या,

ता. क.पासूनच सुरुवात करते, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू तळाशी टाकली आहेस. पेटीला डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. माऊस कुठल्या हातात? उजव्याच. दिवसभर ऑफिसात तेच मनगट, संध्याकाळी द्रुत लयीत तेच मनगट, आणि रात्री अकराला कुणाच्या तरी पत्रिकेत ‘जरा फोटो बदल’ म्हणून पुन्हा तेच. तुझ्या दोन्ही नांगरांना बैल एकच आहे, बाबा. राजीनाम्याचं जूनमध्ये बघू, मनगट या आठवड्यात दाखव. आणि हातांच्या डॉक्टरकडे जा, ‘कोमट तेल लावून बघ’ म्हणणाऱ्या काकांकडे नको. तोवर माऊस डाव्या हाताला घे. पहिले आठ दिवस चिडशील, मग सवय होईल.

आता राजीनामा. माझं उत्तर नाही असं आहे, निदान या जूनला तरी नाही. 2 लाख 40 हजार म्हणजे तुझे चार पगार. जूनमध्ये सोडलीस तर ते ऑक्टोबरमध्ये संपतील, आणि मधल्या काळातला पितृपक्षाचा पंधरवडा तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल, फोन वाजतच नाही. उलट दिवाळी पहाटेला एकाच सकाळी तिघे बोलावणार आणि तू जाऊ शकणार एकाकडेच. पुण्यात गाणं उदंड आहे, पण वर्षभर सारखं नाही. म्हणून एक वही कर. या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत मिळालेलं प्रत्येक पाकीट तारखेसकट लिही, त्यातून पेटी नेण्याचं रिक्षाभाडं वजा कर, आणि ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्यांच्या नावापुढे शून्य लिही. वर्षाच्या शेवटी तो आकडा तुझ्या निम्म्या पगाराइतका तरी भरला, तर मला पुन्हा पत्र लिही. तेव्हा कदाचित मीच सोड म्हणेन.

शिवाय पूर्ण नोकरी आणि शून्य नोकरी यांच्यामध्ये बरीच जागा असते. आठवड्याचे चार दिवस, किंवा पगाराऐवजी कामागणिक बिल, हे कंपनीत विचारून बघ. त्याआधी नेमणुकीचं पत्र काढून नीट वाच. बाहेरची कामं करायला मनाई करणारा एखादा परिच्छेद त्यात असतो आणि तो कुणी वाचलेला नसतो. बिलावर काम करायला लागलास की साधारण 10 टक्के टीडीएस कापला जाईल, तुझा कर त्याहून कमी निघाला तर वरचे पैसे विवरणपत्र भरून परत मागता येतात. घरासाठी कर्ज काढायचा विचार असेल तर मात्र नोकरी असतानाच काढ. पगाराची स्लिप गेली की बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागत बसते.

आणि आता खरं दुखणं. दोन कामं करणं हा तुझा त्रास नाहीच. एक काम मिळावं म्हणून दुसरं फुकट देतोस, हा आहे.

माझ्या माहेरी छापखाना होता, अप्पा बळवंत चौकापासून चार पावलांवर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे ते दिवस. गाण्याच्या पत्रिका आल्या की मी वडिलांशेजारी स्टुलावर बसून बघायचे. गायकाचं नाव 24 पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप), साथीदारांची 12 मध्ये, छापखान्याचं अगदी तळाला, चष्मा लावूनही दिसणार नाही असं. संगीत मंडळांकडून वडील पैसे कमीच घ्यायचे, कधी घ्यायचेच नाहीत. पण बिल करायचेच. कागदाचे अमुक, छपाईचे अमुक, एकूण 85 रुपये, आणि खाली लाल शाईत ‘सवलत 85 रुपये’. आई वैतागायची, ‘मिळायचे नाहीत तर कागद कशाला नासता?’ वडील म्हणायचे, ‘त्यांना आकडा कळू दे.’ पुढच्या वर्षी त्यातले निम्मे लोक आपणहून काहीतरी देऊन जायचे. उरलेले निम्मे नाही द्यायचे, हेही सांगते, उगाच गोड करून सांगत नाही.

तू हेच कर. पुढच्या पत्रिकेबरोबर पीडीएफ बिल जाऊ दे. रचना, सहा वेळचे बदल, श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीतला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणताना उडालेले रफार परत बसवणं (हे काम काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक), प्रायोजकांच्या अकरा लोगोंची पट्टी. खाली सवलत हवी तितकी दे. आणि मानधनाशी त्याची गाठ घालू नकोस. साथीचं पाकीट वेगळं, पत्रिकेचं बिल वेगळं. पोस्टर करतो एवढ्यासाठीच कुणी साथीला बोलावत असेल तर तो तुझी पेटी ऐकतच नाही. तसा एखादा गेला तर जाऊ दे.

मगांचं म्हणशील तर कायदा तुझ्या बाजूचा आहे. कंपनीच्या कामाबाहेर, पैसे न घेता, काहीही लिहून न देता तू ते चित्र केलंस. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकी दुसऱ्याकडे द्यायची तर लेखी करार आणि सही लागते. लेखी करारातही मुदत घातली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात. तू त्यांना वापरायला दिलं होतंस, विकायला नव्हतं. पण म्हणून वकिलाची नोटीस नको. पुण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. साधी मेल लिही : कार्यक्रमासाठी वापर चालू ठेवा, वस्तूंवर छापायचं तर त्याचा दर हा.

गुरुजींचं मनाला लावून घेऊ नकोस. ‘एकच धर’ म्हणणाऱ्या गुरुजींच्या गुरुपौर्णिमेचं पोस्टर कोण करतं, हे तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखलं. आणि वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण तुला शंभर जणांनी दिलं असेल. लोक त्यांनी नोकरी सोडल्याचं सांगतात. त्याआधी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली ती वर्षं कुणी मोजत नाही. 1967 साली ‘कट्यार’ रंगमंचावर आलं तेव्हा ते 47 वर्षांचे होते. तुझ्या वाद्याचंही तसंच. 1940 मध्ये रेडिओने पेटीला दार बंद केलं ते 1971 पर्यंत. तेवढी वर्षं पेटीवाल्यांनी वाजवायचं काही सोडलं नाही.

स्थळांना काय सांगायचं? ‘डिझायनर आहे, पण पेटीही वाजवतो’ असं सांगत असशील तर तो ‘पण’ काढून टाक. ‘डिझाइन करतो आणि पेटी वाजवतो’ म्हण. ज्या मुलीला त्या ‘आणि’चीच भीती वाटेल तिच्याशी दिवाळी पहाटेला चार वाजता उठण्यावरून दरवर्षी भांडण होईल. बाबांना मात्र वही दाखव. शब्दांपेक्षा आकडे त्यांना लवकर पटतील, असा माझा अंदाज आहे.

एक राहिलंच. तू पत्राबरोबर पाठवलेलं पोस्टर मी मोठं करून पाहिलं. गायिकेचं नाव ऐटीत, तबलजींचं ठळक, निवेदिकेचंसुद्धा बरं दिसेल असं. तुझं नाव खाली डावीकडे, करड्या रंगात, नऊ पॉइंटात. ते कुणी दुसऱ्याने नाही, तूच लावलंस. पुढच्या वेळी तबलजींच्या ओळीत, त्यांच्याच आकारात लाव. कुणी काही बोलणार नाही, आणि कुणी बोललंच तर तो सातवा बदल म्हणून बिलात धर.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. पण टाइप करत बसू नकोस, व्हॉइस मेसेज पाठव.

— मावशी