अलिबागजवळच्या रेवसच्या जेटीवरून दिसणारी मालवाहू जहाजं तासन्‌तास एकाच जागी का उभी असतात?

भरतीची वाट बघत असतात.

तुम्ही रेवसहून बघितलीत ती बहुतेक धरमतर खाडीत जाणारी बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) किंवा सुटा माल नेणारी छोटी बल्क जहाजं असणार. आत अंबा नदीकाठी डोलवीचा पोलाद कारखाना आहे. त्याला लागणारं लोहखनिज, कोळसा, चुनखडी महाकाय जहाजांतून येते, पण ती जहाजं एवढ्या उथळ खाडीत शिरूच शकत नाहीत. म्हणून दक्षिणेकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडसारख्या खोल पाण्याच्या बंदरात माल उतरवून छोट्या जहाजांत भरतात आणि ती किनाऱ्याकिनाऱ्याने वर येतात.

भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, त्यामुळे त्याला भरतीच गाठावी लागते. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. एक हुकली की नांगर टाकून पुढचीची वाट बघायची. कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ६ च्या सुमारास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं, तेव्हा खोळंबा जास्त.

रिकामं परतणारं जहाज लगेच ओळखू येतं, एरवी पाण्याखाली असणारा रंगाचा पट्टा उघडा दिसतो.

मोबाईलवर मरीनट्रॅफिक या जहाजांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये नाव, वेग, दिशा बघता येते. मात्र त्यातलं ‘गंतव्य’ खलाशी हाताने भरतात, कधीकधी जुनंच राहतं. वेग शून्य दिसतोय ना? मग जहाज उभंच आहे, तेच खरं माना.